शनिवारचा दुभाष्या

चीनमध्ये अडीच वर्षं राहून, दर शनिवारी न चुकता फिरायला बाहेर पडून, चीनची भिंत मात्र न पाहिलेला माणूस या पृथ्वीवर एकच असेल आणि तो माझा जुना फ्लॅटमेट आहे. भिंतच काय, त्याने राजवाडे पाहिले नाहीत, मातीचे सैनिक पाहिले नाहीत, पांडा पाहिला तो परत येताना विमानतळावरच्या दुकानात, कापसाचा. पण तो राहायचा त्या गावच्या नदीवरचा नवा पूल त्याने अकरा वेळा पाहिला. चीन कसा आहे असं कुणी विचारलं की तो थोडा विचार करून सांगतो, "पूल चांगला आहे. मधल्या जोडावरून गाडी गेली की जरा आवाज येतो."

२०११ साली आम्ही दोघं विद्यार्थी म्हणून ऑकलंडला आलो. मी पुण्याहून, तो सांगलीहून. न्यू लिनमधल्या एका ओलसर फ्लॅटमध्ये भाड्याच्या सहजीवनाची दोन वर्षं काढली. खरं बोलणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. हा खरं बोलत नसे, अचूक बोलत असे, आणि ते जास्त त्रासाचं असतं. इथल्या मराठी मंडळातल्या एका वहिनींनी आम्हा भुकेल्या पोरांना जेवायला बोलावलं आणि आमटी कशी झालीय म्हणून प्रेमाने विचारलं. मी "अप्रतिम" म्हणून मोकळा झालो. याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "डाळीला अजून सात-आठ मिनिटं हवी होती. बाकी ठीक." त्यानंतर आम्हाला तिथे बोलावणं आलं नाही. पण त्याच्या याच स्वभावावर फरश्या आयात करणाऱ्या एका कंपनीने त्याला नोकरी दिली. दोन डॉलरचं नाणं फरशीवर टकटक वाजवून खाली पोकळ आहे की भरीव, हे तो ऐकून सांगायचा. पुढे मी फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीच्या दिवशी दिवाणखान्यात मंत्र चालू असताना बाथरूममधून टक्, टक् असा आवाज येत राहिला, आणि आरतीच्या वेळी हा बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, "अकरा पोकळ आहेत." माझी बायको त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. दीड वर्षाने फरश्या सुटल्या त्या बारा. तो मुद्दाम घरी येऊन बाराव्या फरशीबद्दल तिची माफी मागून गेला.

तर २०१३ मध्ये त्या कंपनीने त्याला चीनला पाठवलं, कारखान्यातच फरश्या वाजवून घ्यायला. गाव दक्षिणेकडे कुठेतरी आत, डोंगरांच्या कुशीत. आकाराने आपल्या सांगली-मिरजेएवढं, त्यामुळे तिथले लोक त्याला खेडं म्हणत. घरमालकीण सत्तरीची विधवा. परदेशातून आलेला पोरगा शनिवार-रविवार खोलीत पडून राहतो हे बाईंना बघवेना, म्हणून दर शनिवारी त्या त्याला आपल्या गावातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायला नेऊ लागल्या. त्यांची प्रेक्षणीय स्थळं म्हणजे नवा पूल, नवं सरकारी इस्पितळ, बुलेट ट्रेनचं स्टेशन आणि बहिणीची बदकं. इस्पितळात त्या त्याला लिफ्टने सातव्या मजल्यापर्यंत नेत आणि जिन्याने खाली आणत. हा शनिवार पाळतो. त्या दिवशी हा काहीच खात नाही हे पाहून बाईंनी असा निष्कर्ष काढला, की या मुलाला दर आठवड्याला एकदा येणारा काहीतरी आजार आहे. मग त्या दर शुक्रवारी रात्रीच एक कडू काढा करून ठेवत. याने तो अडीच वर्षं घेतला.

सणही त्याने असेच केले. होड्यांच्या शर्यतीच्या सणाला एका नावेतला वल्हं मारणारा माणूस आयत्या वेळी आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी याला बसवलं. नाव शेवटची आली. सगळे समजूत घालायला लागले, की तुझ्यामुळे नाही. याने शांतपणे सांगितलं, की माझ्यामुळेच, मी दर वेळी अर्धा सेकंद मागे होतो. एप्रिलमध्ये एकदा बाईंच्या घरी सगळं गणगोत जमलं, टोपल्यांत संत्री, उकडलेली कोंबडी, दारूची बाटली असं सामान भरलं गेलं, तेव्हा सहल आहे असं समजून हा पिवळाधमक टी-शर्ट घालून बॅडमिंटनच्या रॅकेटी घेऊन निघाला. गाडी थांबली ती डोंगरावरच्या थडग्यांपाशी. पूर्वजांच्या जागेची साफसफाई करायचा तो दिवस होता. हा ओशाळून रॅकेटी पाठीमागे लपवत उभा राहिला. बाईंनी त्या काढून घेतल्या आणि हातात विळा दिला. नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत त्याने कापलं. मग बाईंनी उदबत्त्या लावून नवऱ्याला त्याची ओळख करून दिली: हा आपला भाडेकरू, फार लांबून आलाय, खोली स्वच्छ ठेवतो, लग्न झालेलं नाही, शनिवारी आजारी असतो. ही गोष्ट सांगताना तो एरवी थांबत नाही तिथे थांबतो. म्हणतो, "माझी इतकी बरोबर ओळख कुणी कधी करून दिली नव्हती."

या शनिवारांमध्ये तो चिनी बोलायला शिकला, निदान त्याची तशी समजूत होती. ती त्या डोंगराळ भागातली बोली होती आणि बाहेरच्या चिनी माणसाला ती, आपल्याला तमिळ कळावी, इतपतच कळते. हे त्याला न्यू लिनला परत आल्यावर कळलं. पहिल्याच आठवड्यात मोठ्या आत्मविश्वासाने त्याने आमच्या नेहमीच्या भाजीवाल्याशी चिनीत बोलायला सुरुवात केली. भाजीवाला स्वतः चिनी. त्याने पाच मिनिटं लक्षपूर्वक ऐकलं आणि नम्रपणे म्हणाला, "सॉरी मेट, आय डोन्ट स्पीक हिंदी."

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एका शनिवारी सकाळी त्याच दुकानात आम्ही कोथिंबीर घ्यायला गेलो होतो. गल्ल्यापाशी जाड मरून जॅकेट घातलेल्या एक आजी उभ्या होत्या आणि एकसारख्या काहीतरी सांगत होत्या. भाजीवाल्याने त्यांच्यापुढे तीन प्रकारचं आलं मांडलं होतं आणि आता तो चौथं आणायला आत निघाला होता. माझा फ्लॅटमेट कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन जागच्या जागी थबकला.

"त्यांना आलं नकोय," तो म्हणाला. "त्यांना घर सापडत नाहीये."

मग तो पुढे होऊन त्यांच्याशी बोलला. आजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या स्वेटरची बाही धरली ती घर येईपर्यंत सोडली नाही. पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, फोन घरी राहिला होता. एवढंच सांगत होत्या, की घरासमोरच्या अंगणात एक बोट आहे. न्यू लिनमध्ये दर चौथ्या घरासमोर बोट असते. मी गाडी चालवत होतो आणि मागच्या सीटवर याची चौकशी चालू होती: बोट केवढी, चाकं किती, ताडपत्रीचा रंग कोणता, कुठल्या बाजूला फाटलीय. दीड तासाने डाव्या बाजूला फाटलेली निळी ताडपत्री सापडली. समोरच्या घरातून आजींची सून धावत आली. पायात रबरी जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर, हातात फोन, डोळे रडून लाल. तिने सासूला मिठी मारली, पण बोलली काहीच नाही. बोलणार कसं? ती हाँगकाँगची. तिची चिनी वेगळी, आजींची वेगळी. आजींचं गाव याच्या पुलापासून दोन तासांवरचं. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि आठवड्यातले पाच दिवस बाहेर असायचा. नात शाळेत जाऊन इंग्रजीच बोलायची. तीन वर्षं त्या घरात दोन बायका खाणाखुणांवर संसार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा संत्र्यांची पिशवी घेऊन याच्या दारात उभा राहिला. आईशी अधूनमधून बोलायला याल का, म्हणाला. हा पुढच्या शनिवारी गेला, आणि मग दर शनिवारी जात राहिला, दोन वर्षं. आजींना तो फिरायला न्यायचा. मी सांगितलं, अरे, त्यांना स्काय टॉवर दाखव. म्हणाला, "विचारलं. त्या म्हणाल्या, वर जाऊन खालीच बघायचं ना?" त्यापेक्षा नवा बोगदा त्यांना फार आवडला. तो त्यांनी तीन वेळा पाहिला, दोन्ही बाजूंनी. शहरातल्या कंदिलांच्या उत्सवाला गेल्या, पण धूर नाही म्हणजे सण नाही असं म्हणून लवकर परतल्या. आमच्या घरी गणपतीला आल्या, हत्तीचं डोकं असलेल्या देवाला तीनदा वाकून नमस्कार केला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. तिथे पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई उकडीचे मोदक वळत होत्या. आजींनी दोन मोदक नुसते पाहिले, हात धुतले आणि तिसरा स्वतः वळला. एकसारख्या बारीक एकोणीस कळ्या. माझ्या सासूबाई, ज्यांनी आजवर कुणाच्या मोदकाला बरं म्हटलेलं नाही, तो मोदक हातावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "विचार रे, माहेर कुठलं यांचं. कोकणातलं का?"

आणि अशा एका शनिवारी आजींनी याला सांगितलं, की आता त्यांना घरी जायचं आहे, कायमचं. मुलाने याला फोन करून विनवलं, की तुमचं ऐकेल ती, तिला थांबायला सांगा. सुनेने मात्र वेगळंच मागितलं. तिला सासूशी स्वतः बोलायचं होतं, नवरा घरी नसताना. तो मध्ये असला की दोन्हीकडचं गोड करून सांगतो, असं तिचं म्हणणं होतं. गोड न करता सांगणारा माणूस तिला माहीत होता.

त्या दिवशी याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी त्याला सोडायला गेलो आणि मलाही त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं गेलं. तो दोघींच्या मध्ये बसला होता. त्याच्याकडे बघूनच मला कळलं, की आजींनी जाऊ नये असं या घरातल्या कुणाहीइतकंच त्यालाही वाटतंय.

सुनेने इंग्रजीत विचारलं, "माझं काय चुकलं ते विचार त्यांना."

 आजी बोलल्या, आणि तो वाक्या-वाक्याने सांगत गेला. "काही चुकलं नाही, म्हणतात. तेच तर अडलंय, म्हणतात. गावी त्या रोज सकाळी शेजारणीशी भांडतात आणि संध्याकाळी तिच्याच ओट्यावर भाजी निवडत बसतात. इथे पाच वर्षांत कुणाशी भांडता आलं नाही. सगळे चांगलं वागतात. पाहुण्याशी वागतात तसं."

 सुनेने खुर्ची पुढे ओढली. "त्यांना सांग, मलाही भांडायचंय. हीप्स आहे माझ्याकडे, ढीगभर."

मग त्या दोघी भांडल्या. धुण्याच्या खोलीत ठेवलेल्या लोणच्याच्या बरण्यांवरून भांडल्या, मशीनमध्ये आटवलेल्या लोकरीच्या कपड्यांवरून भांडल्या, भात गिचका होतो की फडफडीत यावरून आणि थंडीत नातीला अनवाणी दुकानात नेण्यावरून भांडल्या. माझ्या फ्लॅटमेटने शब्दाला शब्द ठेवला. आजींनी टेबलावर हात आपटला की तोही आपटायचा. सुनेने सुस्कारा टाकला की तोही टाकायचा. चाळीस मिनिटांनी त्याचा घसा बसला, पण तोवर त्याची फारशी गरजच उरली नव्हती. दोघी आपापल्या भाषेत सरळ एकमेकींना सुनावत होत्या आणि हा मध्ये बसून पाणी पीत होता. शेवटी आजींनाच आधी हसू फुटलं.

डोळे पुसत सुनेने विचारलं, "मग आता राहतील का?"

त्याने विचारलं. आजींनी सुनेचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या. भाषांतराला त्याने वेळ लावलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

"नाही, म्हणतात," तो म्हणाला. "पण आता जाताना वाईट वाटेल, म्हणतात. आधी वाटलं नसतं."

 परतताना गाडीत तो म्हणाला, की सून रागावलीय, थांबाच म्हणतेय, असं सांगितलं असतं तर आजी कदाचित थांबल्या असत्या, आणि ते कुणाला कळलंही नसतं. मग का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं. "ती तसं म्हणाली नव्हती," तो म्हणाला.

महिनाभराने आजी गेल्या. फोनवर त्या फारसं बोलत नाहीत. ऐकू कमी येतं, त्यामुळे जेवलास का, एवढं मोठ्याने विचारून फोन ठेवून देतात. माझा फ्लॅटमेट आता शनिवारी आमच्याकडे येऊन बसतो, माझ्या मुलीला गणितं शिकवतो, बायकोने केलेली साबुदाण्याची खिचडी खातो आणि तिच्यात दाण्याचं कूट किती कमी पडलं ते सांगतो. मी एकदा त्याला म्हटलं, की आता ती बोली विसरशील हळूहळू. इथे कोण बोलणार तुझ्याशी? 

२०१९च्या शेवटी-शेवटी, एका संध्याकाळी कामावरून परतताना मोटरवेवरून उतरून मी सिग्नलला थांबलो होतो. शेजारच्या रांगेत त्याची गाडी होती. काच वर होती आणि गाडीत दुसरं कुणी नव्हतं. फोनही कानाला नव्हता. तो बोलत होता, आणि ओठांवरून ते मराठी नव्हतं, इंग्रजीही नव्हतं. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हवेत. काहीतरी सविस्तर समजावून सांगत होता. मग तो थांबला, मान जराशी कलती करून उत्तर ऐकल्यासारखा बसला, आणि हसला. मी हॉर्न वाजवणार होतो, पण हात मागे घेतला. सिग्नल हिरवा झाला आणि त्याची गाडी पुढे निघून गेली.