पाड्यावरची कुणीतरी

"त्या म्हातारीला आधी बाहेर काढ. हा काय गोठा आहे?"

डॉक्टर लेबर रूमच्या दारातून माझ्यावर ओरडले. ड्यूटी माझी होती. पोशेऱ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची एक पोरगी आली होती, पहिलटकरीण. टेबलावर चढायला तयार नव्हती. खिडकीच्या गजाला बांधलेलं लुगडं धरून खाली उकिडवी बसली होती. मागून एक म्हातारी सुईण तिच्या कमरेला गुडघे टेकून बसलेली. म्हणत होती, "दम धर, पोरी. आताच नको जोर लावू."

मी म्हातारीचा दंड धरला. उठवलं. दाराबाहेर नेलं.

"ओळखीची आहे का तुझ्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. पाड्यावरची कुणीतरी."

ती माझी आई होती.

तिनं ऐकलं. मागे वळून पाहिलं नाही. व्हरांड्यात बाक रिकामा होता, त्यावरही बसली नाही. पायरीवर बसली, पोरगी सुटेपर्यंत. आत आम्ही त्या पोरीला आडवं केलं, पाय अडकवले. ती किंचाळली तशी मी तिच्या मांडीवर चापट मारली. "नवऱ्याजवळ जाताना ओरडलीस का?" हे वाक्य मोठ्या सिस्टरांचं. ऐकून ऐकून माझं झालेलं. मुलगी झाली. टाके खूप पडले.

मी आश्रमशाळेत शिकले, नर्सिंगला गेले, जव्हारच्या एका मास्तरांशी लग्न केलं. आडनाव बदललं, बोली सोडली. मोखाड्याच्या आमच्या दवाखान्यात सगळे मला जव्हारची समजायचे. मी समजू दिलं. आईला सांगून ठेवलं होतं, दवाखान्यात मला हाक मारायची नाही. तिनं कधी मारली नाही.

आई सुईण होती, पण हट्टी नव्हती. बाई अडली की तिच्या हाताला कळायचं. "हे माझ्या हातचं नाय. चला दवाखान्यात." असं म्हणून ती स्वतः जीपमध्ये बसून बाईला घेऊन यायची. रस्ता बंद असला की डोलीबरोबर चालत. किती बाया तिच्यामुळे आमच्यापर्यंत जिवंत पोचल्या, त्याची कुठं नोंद नाही. त्या दिवसानंतर तिनं कुणाला आणलं नाही.

तीन वर्षांनी तीच पोरगी दुसऱ्या खेपेला घरीच बाळंत झाली. रक्त थांबेना. डोली रस्त्याला लागायच्या आत ती गेली. तिच्या पाड्यावरची आशाताई मला म्हणाली, "आम्ही लय सांगितलं, सिस्टर. ती म्हणे, मरेन पण त्या बाईच्या हाती जायची नाय."

ती बाई म्हणजे मी. आशाताईला ते ठाऊक नव्हतं. की होतं, कोण जाणे.

मातामृत्यूचा अहवाल भरायला माझ्याकडेच आला. एक रकाना होता. दवाखान्यात उशिरा आणण्याचं कारण. मी लिहिलं, 'नातेवाइकांचे अज्ञान'. खाली सही केली. जेवायला गेले.

पुढं मिडवाइफरीचा विशेष कोर्स निघाला. दीड वर्षाचा, शहरात. पास झालं की पद वाढणार. मी अर्ज केला, निवड झाली. पहिल्याच महिन्यात मॅडमनी पडद्यावर चित्र लावलं. बाई उकिडवी बसलेली, छताला बांधलेलं कापड धरून. मागून एकीनं तिला कमरेत आधार दिलेला. मॅडम म्हणाल्या, "आडवं झोपवण्यापेक्षा हे बरं. सगळ्या जगात आता हेच शिकवतात. कुणी पाहिलंय असं?"

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची एक सिस्टर मागून म्हणाली, "मोखाड्याच्या ताईंना विचारा ना, मॅडम! तिकडं बायका माकडासारख्या लोंबकळतात म्हणे."

वर्ग हसला. अंगावर थुंकल्यासारखं झालं. तरी मी म्हणाले, "करतात पाड्यांवर. मी जव्हारची."

आणि मीही हसले.

शेवटच्या प्रात्यक्षिकाला बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या. समोर घाबरलेली पहिलटकरीण. मी तिला गुडघ्यांवर आणलं, पाठीमागे बसले, कमरेला गुडघे टेकले. कधी थांबायचं आणि कधी जोर लावायचा, ते तिच्या पाठीवरच्या माझ्या हाताला कळत होतं. एकही टाका पडला नाही. परीक्षक म्हणाल्या, "हात फार छान आहे. कुठं शिकलात?"

"इथंच, मॅडम."

पहिल्या श्रेणीत पास झाले.

सर्टिफिकेट आणि पेढे घेऊन पाड्यावर गेले. आई नागली पाखडत होती. "काय शिकवला तठं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. कसं बसवायचं, कापड कसं धरायला द्यायचं, मागून आधार कसा द्यायचा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बेस," म्हणाली. सूप पुन्हा हातात घेतलं.

मी म्हणाले, "आई, बाया आणत जा ना आता. आता वॉर्ड माझ्याकडं आहे."

"तू मला ओळखत नाय ना. ओळख नाय तठं कशी येऊ?"

आवाज चढला नव्हता. पेढ्याचा पुडा तिनं शेजारच्या पोरांना देऊन टाकला. परतीच्या जीपमध्ये मी खाली मान घालून बसले. वर बघायची हिंमत नव्हती.

पुढच्याच महिन्यात जव्हारला नर्स आणि आशांचं प्रशिक्षण होतं. सर्टिफिकेटवाली म्हणून शिकवायला मी. आरोग्य खात्याच्या साहेबांनी तयार करून दिलेला मजकूर पडद्यावर आला. माता दवाखान्यात उशिरा का येतात? पहिलं कारण, अज्ञान.

मी थांबले. साहेब म्हणाले, "वाचा ना, सिस्टर."

"नाही वाचणार. हे खोटं आहे. असं एक खोटं मी स्वतः लिहिलंय."

मग सगळं सांगितलं. आई, पायरी, मांडीवरची चापट, ते वाक्य, अहवाल. टेबल धरून उभी होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. साखरशेतकडची एक आशा उठली. म्हणाली, "ताई, आमच्या बायका हेच सांगतात. शिव्या देतात, मारतात. ते लिहायचं कुठं? रकाना कुठंय त्याला?"

चहाच्या वेळी साहेब बाजूला घेऊन म्हणाले, "भावनेच्या भरात बोललात. पदोन्नतीची फाइल वर गेलीय तुमची. जपा जरा."

"खाली आली तर येऊ द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्ज दिला. मृत्यूच्या त्या अहवालात मी लिहिलेलं कारण खोटं आहे, बाई दवाखान्यातल्या मारहाणीला आणि अपमानाला भिऊन आली नाही, आणि ते करणारी मी. क्लार्क म्हणाला, "मॅडम, ते प्रकरण बंद झालंय. कशाला उकरता?" मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. उत्तर अजून आलेलं नाही. दर महिन्याला नवा अर्ज देणार आहे.

त्या पोरीची सासू अजून आहे. माझ्या हातावर झालेली त्या पोरीची मुलगी आता मोठी झाली, शाळेत जाते. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार. माफी मागणार नाही. माफी मागितली की समोरच्यावर ती द्यायची पाळी येते. तेवढंही त्यांच्यावर टाकायचं नाही. मी काय केलं आणि कागदावर काय लिहिलं, एवढं सांगणार, आमच्या बोलीत. घरात घेतलं नाही तर अंगणात उभी राहून सांगेन. मुलगी तिथं असली तर तिच्यासमोर.