भिंतीवर दिसलेला कंद
केळीचा कंद विळ्याने तासला की चिकाचा तुरट वास सुटतो आणि मला नातीचा वर्ग आठवतो. तिच्या मॅडमनी मोबाइल उंचावर उलटा बांधून प्रोजेक्टरला जोडला होता, त्याच्याखाली जे धरू ते भिंतीवर खाटेएवढं मोठं दिसेल अशी जुगत केली होती, आणि केळीचा धडा शिकवायला मला बोलावलं होतं. मी दुसरी शिकलेला, पण आमच्या निंबोल्यात लावणीचं बेणं माझ्यासारखं कोणी निवडत नाही, म्हणून धुतलेली टोपी घालून ऐटीत गेलो. दुसऱ्या दिवशी लावायच्या ढिगातला सगळ्यात देखणा कंद मोबाइलखाली तासला आणि म्हटलं, "पाहा, आतून कसा खोबऱ्यासारखा साफ!" पोरं भिंतीकडे बघून ओरडली, "अरे देखो, कीडा! आबा, याच्यात तर भोकं आहेत!" मी वळलो. भिंतीवर हाताएवढी अळी वळवळत होती, हातातल्या कंदात मला काहीच दिसलं नव्हतं. पोरं हसायच्या आत मी म्हटलं, "हेच तर दाखवायला आणला होता. असा कंद लावला की झाड घडासकट आडवं होतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नातीने नाही. घरी आल्यावर तिने, डॉक्टरने दिलेला आणि मी वर्षभर पेटीत कोंडून ठेवलेला चष्मा माझ्या हातात दिला. तो लावून एकेक कंद तासून बघत बसलो, तर संध्याकाळपर्यंत अर्धा ढीग जाळावा लागला. आजही आमच्या घरी बेणं मीच निवडतो, चष्मा लावून. मॅडम भेटल्या तर मात्र तो कंद मुद्दाम आणला होता, असंच सांगतो.