सोसायटीच्या बारा सीडी

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. कलमं विसरलो, नावं विसरलो, कित्येकांचे चेहरेही गेले. पण वेंगुर्ल्याच्या बाजूला सहायक निरीक्षक असताना माझ्या टेबलावर आलेला एक साधा तक्रार अर्ज मात्र डोक्यातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. बारा सीडी होत्या आणि एक बाई होती, आणि त्या बाईला मी जवळजवळ आरोपी करून टाकलं होतं.

कॉम्प्युटर तेव्हा आमच्या भागात नवेच होते. ठाण्यात एक होता, त्यावर कायम कापडी झूल. आमचे ठाणे अंमलदार त्याला लांबूनच नमस्कार करायचे. मलाही फार कळत होतं अशातला भाग नाही, पण अधिकाऱ्याने कळत नाही असं दाखवायचं नसतं, हा एक चुकीचा धडा मी भरतीपासून पाठ केलेला होता.

अर्ज होता बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचा. सोसायटीने सभासदांचं सगळं दप्तर कॉम्प्युटरवर घेतलं होतं: कोण सभासद, कुणाची होडी, कुणाचा वारस कोण. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे जे काही होतं ते त्या एका डब्यात. नोव्हेंबरात विजेचा दाब वाढला आणि डबा जळाला. घाबरण्याचं कारण नव्हतं, कारण ऑपरेटर बाई दर शनिवारी सगळ्या डब्याची नक्कल काढून ठेवायच्या. तिला इमेज म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एक इमेज दोन सीडींवर मावायची. सहा शनिवारच्या सहा जोड्या सोसायटीच्या लोखंडी कपाटात होत्या.

कुडाळहून दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी नवीन हार्डडिस्क बसवली आणि पहिली जोडी घातली. कॉम्प्युटर आधी इमेज शाबूत आहे का ते तपासतो, त्याला पडताळणी म्हणतात. पडताळणी नापास. दुसरी जोडी, नापास. सहाच्या सहा नापास. गृहस्थ मेहनती होते. त्यांनी सीडी वाचणारं यंत्र बदललं, मेमरीची पट्टी बदलली, स्वतःच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. निकाल तोच. त्यांनी मला समजावलं, "साहेब, इमेज म्हणजे एकाच कुलपाची पेटी. एक कोपरा बिघडला की आतलं काहीच मिळत नाही." सीडींवर पांढरट धुरकट थर होता. खाऱ्या दमट हवेने बुरशी धरली असेल, असं त्यांचं म्हणणं. रुमालाने पुसूनही तो गेला नव्हता.

चेअरमनना बुरशी मान्य नव्हती.

"साहेब, एक सीडी खराब होईल, दोन होतील. बाराच्या बारा?" त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "निवडणूक तोंडावर आहे. मतदार यादी आठ दिवसांत सहायक निबंधकांकडे द्यायची आहे. आणि त्या बाईचे थोरले दीर समोरच्या पॅनेलमध्ये आहेत. अजून काय सांगू?"

सांगायची गरजच नव्हती. सुतावरून स्वर्ग गाठण्यात आम्ही पोलीसही कमी नसतो. हेतू मिळाला, संधी मिळाली, कपाटाची जबाबदारी बाईंची. मी त्यांना चौकशीसाठी बोलावलं.

तिशीच्या आतबाहेरची बाई. नवरा होडीवर जाणारा, सासू मासे विकणारी. बारावीनंतर सावंतवाडीला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. सलग तीन दिवस त्या दहाच्या ठोक्याला ठाण्यात येऊन बाकावर बसायच्या, आणि मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचो. महिला शिपाई शेजारी बसलेली असे.

"सीडी लिहिल्यावर तुम्ही पडताळणी केली होती?"

"दर वेळी केली होती. पास झाल्याशिवाय मी सीडी पाकिटात घातलेली नाही."

"मग आता नापास कशी होते?"

"मला सांगता येणार नाही."

"नंतर कधी पुन्हा तपासल्या?"

"नाही. ती माझी चूक आहे."

"कार्यालयाबाहेर कधी नेल्या?"

"नाही, साहेब."

आमच्या जिल्ह्यातला माणूस कचेरीत आला की पुस्तकी मराठी बोलतो, हे मला माहीत होतं. पण बारीकसारीक चौकशीत दुसऱ्या-तिसऱ्या तासाला त्याची जीभ सैल होते आणि तो मालवणीत येतो. बाई तीन दिवस एक शब्द मालवणी बोलल्या नाहीत. काहीतरी लपवत आहेत, असा मी निष्कर्ष काढला. त्यात मी चुकलो नव्हतो. काय लपवत आहेत याबद्दल मात्र साफ चुकलो होतो.

त्या काळी कॉम्प्युटरच्या कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असे. माझं काम अर्जाची चौकशी करून अहवाल वर पाठवण्याचं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अहवालाचा कच्चा खर्डा लिहिलासुद्धा: 'सदर महिलेने हेतुपुरस्सर अभिलेख नष्ट केल्याचे दिसून येते.' एवढ्या एका वाक्यावर गुन्हा दाखल झाला असता, अटक झाली असती, नोकरी तर गेलीच असती. हे सगळं मला लिहिताना ठाऊक होतं. तरी अक्षर अगदी वळणदार आलं होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

त्याच संध्याकाळी खबर आली. जेटीवरचा चहावाला आमचा जुना माणूस. त्याने मला बाजूला घेतलं.

"सायबानू, ती बाई म्हयन्याक एकदा पिशयेतसून सीडी घराक न्हेता. माज्या डोळ्यान बघलंय."

झालं. बाई खोटं बोलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप काढली, दोन पंच घेतले, महिला शिपाई घेतली आणि त्यांच्या दारात गेलो. वाडीतली सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं. सासूबाई पाटी उतरवून नुकत्याच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाटी जवळ ओढून घेतली.

मी बाईंना एवढंच म्हटलं, "सीडी द्या."

त्या आत गेल्या. पत्र्याच्या ट्रंकेतून लग्नातल्या साडीच्या घडीतून दोन सीडी काढून आणल्या आणि माझ्या हातात देताना पहिल्यांदा त्यांच्या तोंडून घरची भाषा आली.

"सायबानू, नियमात बसणा नाय ता माका म्हायत आसा. पण हापिसाक आग लागली, पाणी भरला, तर सगळा एकाच कपाटात! म्हणान म्हयन्याक एक जोडी जास्तीची काढतंय आणि घराक ठेवतंय. चेअरमनांक कळला तर नोकरी जातली, म्हणान बोलूक नाय."

मी पंचनामा केला, सीडी ताब्यात घेतल्या, जीप वळवली. शेजारणींची कुजबूज जीपच्या आवाजातही ऐकू येत होती.

कुडाळच्या गृहस्थांनी ती जोडी घातली. ठाण्यात आम्ही चौघे पडद्याकडे बघत उभे. हिरवी पट्टी हळूहळू शेवटपर्यंत गेली. पडताळणी पास.

ही जोडी महिन्याभरापूर्वीची, त्यात नंतरचे नवे सभासद नव्हते, म्हणजे यादीला ती पुरी पडणार नव्हती. पण माझ्या अहवालाचं काय? जिला दप्तर नष्ट करायचं आहे ती बाई नियम मोडून एक नक्कल लग्नाच्या साडीत जपून ठेवेल? त्याच डब्यावर, त्याच बाईने, त्याच खोक्यातल्या कोऱ्या सीडींवर लिहिलेलं. घरातली चांगली, कपाटातली वाईट. म्हणजे जे काही झालं ते कपाटात झालं. तीन दिवस मी 'कोणी केलं' एवढंच विचारत होतो. 'काय झालं' हे विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बाराही सीडी मागवून माझ्या टेबलावर ओळीने मांडल्या. डिसेंबरची सकाळ होती. खिडकीतून उन्हाची एक तिरीप टेबलाच्या अर्ध्या भागावर येत होती. मी नुसता बघत बसलो. अर्ध्या तासाने लक्षात आलं, उन्हातल्या पाच सीडी आरशासारख्या लख्ख झाल्या होत्या आणि सावलीतल्या सात अजून धुरकट होत्या.

बुरशी उन्हात वितळत नाही.

मी महिला शिपाईला हाक मारली. ती शिरोड्याची, माडांच्या बागांत वाढलेली. तिने एक सीडी उचलली, बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "साहेब, खोबरेल. थंडीत थिजलंय."

मग सोसायटीच्या शिपायाला बोलावून घेतलं. साठीच्या घरातला माणूस, आधी होडीवर खलाशी होता, गुडघे गेल्यावर सोसायटीने त्याला झाडलोट आणि कुलूपकिल्ली दिली होती. कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते हे इतकं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं, की त्याचा जबाब घ्यावा असं कुणाला सुचलंच नव्हतं. मला तर नाहीच नाही.

"कपाटातल्या सीडींना तेल कोणी लावलं?"

"मी लावलंय." त्याने सहज सांगितलं. वर जरा अभिमानानेच म्हणाला, "दर शनवारी, बाई गेल्यार."

"कशासाठी?"

तो माझ्याकडे असा बघू लागला, जणू मीच वेड्यासारखं विचारतोय. "सायबानू, ह्या खाऱ्या वाऱ्यात तेल लावल्याबिगर काय ऱ्हवता? कुलपाक लावतंय, कातरेक लावतंय, कपाटाच्या बिजागरीक लावतंय. ह्यो तर नवी कोरी चकचकीत. माका वाटला गंजतली."

"कुणाला विचारलं होतं?"

"इचारूक कित्याक व्हया? बाईच म्हणाली, काका, ह्यांका जिवापाड सांभाळा. मी सांभाळलंय."

बाईंनाही बोलावलं होतं, त्या नेहमीच्या बाकावरच बसल्या होत्या. त्यांनी तोंडावर पदर धरला. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही. शिपायाला मात्र आपण काय केलं ते हळूहळू कळत गेलं, आणि तो मटकन जमिनीवरच बसला. "बाये, माज्यामुळा गो?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाई उठल्या आणि त्याला पाणी दिलं.

सीडी धुवायचं काम कुडाळच्या गृहस्थांनी ठाण्याच्या मागच्या नळावर केलं. कोमट पाणी, पातळ साबण, मऊ कापूस, मधून कडेकडे सरळ पुसत जायचं, गोल गोल नाही. आम्ही पोलीस धोतर वाळत घालावं तसे सीडी सांभाळत ओळीने उभे होतो. सहापैकी पाच जोड्या पास झाल्या. एकीला रुमालाच्या खरखरीने ओरखडे पडले होते, ती गेली ती गेलीच. पण शेवटच्या शनिवारची जोडी शाबूत निघाली. यादी मुदतीत गेली, निवडणूक झाली. चेअरमन पडले, पण त्याचा खोबरेलाशी संबंध नव्हता.

पडण्याआधी त्यांनी मला भेटून शिपायावर गुन्हा घ्यायचा आग्रह धरला. मी म्हटलं, "कुठलं कलम लावू? जिवापाड सांभाळल्याचं?" ते रागावून गेले. मी जुना खर्डा फाडला आणि नवा अहवाल लिहिला: 'कोणाचाही गैरहेतू दिसून येत नाही. अर्ज दप्तरी दाखल करावा, ही विनंती.' माझ्या लेखी प्रकरण मिटलं.

दोन दिवसांनी बाई ठाण्यात आल्या. या वेळी मी बोलावलं नव्हतं.

"साहेब, मी काही केलं नाही असं लिहून मिळेल का?"

मी त्यांना समजावलं, असा दाखला देण्याची पोलिसांत पद्धत नाही. अहवालात स्पष्ट लिहिलं आहे, अर्ज दप्तरी दाखल झाला आहे.

"दप्तर कोण बघणार, साहेब?" त्यांचा आवाज शांत होता. "जीप सगळ्यांनी बघितली. सासूबाई पाटी घेऊन फिरतात. लोक मासे घेतात आणि विचारतात, सून सुटली काय?"

खाली मान घालून मी कसलेसे कागद सारखे करत बसलो. त्या गेल्यावरही ते कागद सारखेच करत होतो. संशय पोहोचवायला आम्ही गाडी, पंच, वर्दी सगळं घेऊन जातो. तो परत घ्यायची वेळ आली की एक जावक क्रमांक टाकतो आणि फाइल बांधतो. वीस वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट मला कोणी शिकवली नव्हती आणि माझी मलाही सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, वाडीतल्या बायका अंगणात सुकी मासळी पसरत होत्या त्या वेळी, मी पूर्ण वर्दीत तिथे गेलो. ताब्यात घेतलेल्या दोन सीडी परत करायच्या होत्याच. एखाद्या हवालदाराबरोबर त्या पाठवता आल्या असत्या. मी स्वतः पायरीखाली उभा राहून त्या बाईंच्या हातात दिल्या, आणि टोपी काढून म्हणालो, "बाईंनी काही केलेलं नाही. उलट त्यांच्यामुळेच खरं काय ते कळलं. चूक माझी झाली."

आवाज बारीक आला असावा.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. पहिल्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"सायबानू, जरा मोठ्यान सांगा. पलीकडच्या घरात ऐकाक गेला नाय."

मी वळलो, वाडीकडे तोंड केलं आणि कवायतीच्या मैदानावर काढतात तो आवाज काढून पुन्हा सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.

उभ्या नोकरीत मी हजारो लोकांचे जबाब घेतले. स्वतः दिलेला तो एकच.