गॅसच्या गाडीतला फवारा

तिला सगळे भिंगरी म्हणत. डोंगरातल्या वस्त्यांना ती गॅसच्या टाक्या पोचवायची. गाडी स्वतःच चालवायची. भरलेली टाकी तिरकी करून बुडाच्या कडेवर फिरवत दारापर्यंत न्यायची, जोडणी करून साबणाच्या पाण्यानं गळती बघायची, आणि घरातलं कुणी "बसा की, चहा टाकते" म्हणेपर्यंत गाडी सुरू झालेली असायची.

धाकटा भाऊ गेला आणि मग तर तिला उभंही राहवेना. भाऊ दगडखाणीत कामाला होता. पाठीला मार बसला, ऑपरेशन झालं, आणि कळा थांबवायला अफूच्या जातीच्या गोळ्या सुरू झाल्या. कळा कमी झाल्या, गोळ्या वाढत गेल्या. एका दुपारी त्याची बायको, भिंगरीची वहिनी, बाहेरून आली तर तो खुर्चीत घोरत होता. तिला वाटलं, बरं झालं, डोळा लागला. पण ते घोरणं झोपेचं नव्हतं, श्वास अडकत होता. शहरातून रुग्णवाहिका येईतो सगळं आटोपलं.

पुढे आरोग्यकेंद्रात टाकी द्यायला गेली तेव्हा नर्सबाई हळहळून म्हणाल्या, "यावर औषध असतं गं. नाकात फवारा मारायचा. गोळ्यांनी थांबवलेला श्वास परत येतो."

"मग आपल्याकडे का नाही?"

"आहे ना. त्या कपाटात."

भिंगरीनं कपाटाकडे पाहिलं. कपाटाला कुलूप होतं. भावाचं घर इथून दोन खिंडी पलीकडे. ती तशीच डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"डॉक्टर, माझी गाडी दारोदार जाते. तुमचं कपाट कुठं जातं?"

डॉक्टर तरुण होते, पण चिडले नाहीत. "मलाही तेच खुपतंय. फवारे वस्त्यांवर ठेवायला वरून परवानगी लागेल. मागतो."

परवानगी काही लवकर येईना. भिंगरी दर खेपेला टाकी उतरवायच्या आधी विचारायची, "आली का?" शेवटी डॉक्टरच तिची गाडी दिसली की खिडकीतून मान हलवून नकार द्यायला लागले. एकदा मात्र ते परवानगीचा कागद घेऊन धावतच बाहेर आले. त्या आठवड्यात नर्सबाईंनी भिंगरीला आणि दूध केंद्रावरच्या दोघांना शिकवलं. माणूस हलवून जागा होत नाही, ओठ निळे, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मग आधी रुग्णवाहिकेला फोन, एका नाकपुडीत फवारा, तोंडानं श्वास, थोडं थांबायचं, नाहीच आला तर दुसरा.

"ते थांबायचं तेवढं मला जमेल असं वाटत नाही," भिंगरी म्हणाली. सगळे हसले, तीही हसली.

खरी कसरत पुढेच होती. वरच्या वस्तीतल्या दुकानदारानं फवाऱ्याची डबी बोटानं परत सरकवली. "आमच्याकडे तसली माणसं नाहीत. हे दुकानात ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

भिंगरी दारोदार भावाची गोष्ट सांगते हे कळल्यावर वहिनीनं तर तिला दारातच अडवलं. "वन्सं, त्यांचं नाव गावभर अजून किती घोळवणार आहात?"

भिंगरी रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. वहिनीचं चुकत नव्हतं. पण गाडीतल्या डब्या गाडीतच पडून होत्या, आणि ते तिला सोसवत नव्हतं.

मग एक दिवस ती त्याच दुकानदाराकडे टाकी घेऊन गेली. दुकानामागेच त्याचं घर.

"जरा हळू हं," तो म्हणाला. "आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. आज कुठं शांत झोपलीय."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. भिंगरीनं टाकी तिथंच सोडली आणि आत धावली. म्हातारीचे ओठ निळे पडले होते.

"गोळी कुणी दिली?"

"मी दिली," दुकानदार म्हणाला.

मागून त्याची बायको रडवेली होऊन म्हणाली, "अहो, मीही दिली! त्या मागत होत्या, मला काय माहीत..."

"फोन करा, रुग्णवाहिकेला!" भिंगरी गाडीकडे पळाली, डबी घेऊन आली, फवारा मारला. नाक चिमटीत धरून म्हातारीच्या तोंडात श्वास भरत राहिली. काही होईना. आत्ताच दुसरा मारावा म्हणून हात शिवशिवत होते. तिनं स्वतःला आवरलं, श्वास देत राहिली, वेळ झाल्यावरच दुसरा मारला. आणि म्हातारीच्या छातीनं मोठा हिसका दिला. थोड्या वेळानं डोळे उघडले.

"कोण गं तू? अंगावर काय पडतेस?"

दुकानदारानं पुन्हा फोन उचलला.

"आता बोलतायत म्हणून रुग्णवाहिका परत पाठवू नका," भिंगरीनं बजावलं. "औषधाचा जोर उतरला की श्वास पुन्हा अडकू शकतो." रुग्णवाहिका म्हातारीला घेऊन गेली तेव्हा कुठं भिंगरीला तिथंच सोडलेली टाकी आठवली.

म्हातारी बरी होऊन आली. दुकानदारानं डबी मागून घेतली आणि गल्ल्याशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. कुणी विचारलं तर सांगायचा, "आईसाठी होती. तुमच्यासाठीही आहे."

ही बातमी वहिनीच्या कानावर गेली. एका सकाळी ती आपणहून भिंगरीच्या गाडीत येऊन बसली.

"मला दाखवा फवारा कसा मारतात," म्हणाली. "आणि कुणी विचारलं तर त्यांचं नाव मी सांगेन. तुम्ही नको."

तेव्हापासून दोघी मिळून फिरतात. काही दारं अजून उघडत नाहीत. भिंगरीला अजून धड झोप लागत नाही, डोळे मिटले की न उघडलेली दारं दिसतात, आणि पहाटे उठून ती वहिनीला फोन करते, "आवरलं का गं?"