सहदेवकाकांचं गेट

आमच्या ग्रुपमध्ये सहदेवकाका सगळ्यात शेवटी चालायचे. दमायचे म्हणून नव्हे, ते त्यांचं कामच होतं. पुढे वाटाड्या, मध्ये बाकीची वरात आणि मागे हिरवी टोपी घातलेले काका. त्यांच्या मागे कोणी राहायचं नाही, हा नियम.

काका मोहन्याचे. एकतीस वर्षं एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. पाळी सुटली की शेवटचा कामगार बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग गेट लावायचं. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या भाज्यांना नावं ठेवायला लागले, तेव्हा मालनकाकूंनीच मला फोन केला. "घेऊन जा गं बाई यांना कुठंतरी डोंगरात!" मी योगिनी, डोंबिवलीची. हा ग्रुप मी चालवते आणि माझं तोंड जरा जास्तच चालतं, ते आधीच सांगून ठेवते. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडीतून उतरून भांडलेली बाई आहे मी. पण काकांवर आवाज चढवायची वेळ नऊ वर्षांत आली नव्हती.

कारण त्यांचं काम चोख. मुक्कामावर शेवटचा माणूस पोचला की काका उजवा हात वर धरायचे, गेटचा दांडा खाली येतो तसा सावकाश खाली आणायचे आणि ओरडायचे, "गेट बंद!" ते ऐकल्याशिवाय चहाचं आधण ठेवायचं नाही. नवीन पोरं पहिल्या दिवशी फिदीफिदी हसायची. दुसऱ्या दिवशी तीच पोरं "काका, लावा की गेट, तलफ आलीय" म्हणून मागे लागायची.

यंदा जानेवारीत आम्ही चार दिवसांचा ट्रेक काढला. मुरबाडच्या पुढे गाडी सोडायची, घाट चढून जंगलात शिरायचं, रात्री तंबू ठोकायचे. रीतसर परवानगी घेतली होती. वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्यातले दगडूमामा. त्यांना धरून आम्ही चौदा जण. त्यात ठाण्याची श्रिया, बँकेत नोकरी करणारी, एवढा मोठा ट्रेक पहिल्यांदाच करत होती.

दुसरा दिवस सगळ्यात अवघड. सहा तास चढ, कारवीतून वाट काढायची, गुडघे बोलायला लागलेले. उन्हं कलायच्या आत ओढ्याकाठी पोचलो. शेवटी काका आले. हात खाली आला. "गेट बंद!"

मी आधण ठेवलं. चौदा पेले भरले. तेराच उचलले गेले.

"श्रिया कुठाय?" मी विचारलं.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग कळलं ते असं. वाटेत श्रियाला आडोशाला जायचं होतं. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं, म्हणून ती नुसतं म्हणाली, "काका, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." काकांनी ओळखलं. बाईमाणसाची अडचण, म्हणून ते वळणापलीकडे जाऊन पाठ करून उभे राहिले. बराच वेळ थांबले. वळून बघायचा संकोच, हाक मारायचाही संकोच. तेवढ्यात पुढच्या चढावर श्रियाच्या सॅकसारखीच लाल सॅक दिसली. त्यांना वाटलं, पोरगी झाडीतून आपल्या पुढे निघून गेली. ती सॅक दुसऱ्याच कोणाची होती.

दगडूमामा आणि मी उलटं धावत सुटलो. पाऊण तासावर शिट्टी ऐकू आली आणि माझा जीव भांड्यात पडला. शिकवलं होतं तशी श्रिया एका जागी दगडावर बसून शिट्टी वाजवत होती. रडवेली झाली होती.

"ताई, मी चुकीच्या वाटेला लागले. पण काकांची टोपी मला दिसत होती. पन्नास पावलांवर असतील, पण मध्ये घळ होती आणि दम लागून तोंडातून हाक निघेना. मी किती शिट्ट्या मारल्या, त्यांनी वळूनच पाहिलं नाही!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुक्कामावर येऊन सगळ्यांदेखत सुरू झाले. "काका, पन्नास पावलांवरची शिट्टी ऐकू येत नाही तुम्हाला? पोरीला काही झालं असतं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? झेपत नाही तर घरी बसायचं!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

काका माझ्याकडे बघत राहिले. "शिट्टी वाजली होती?" त्यांनी हळूच विचारलं.



"बारीक आवाज येत नाहीत गं मला. दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "माणसांचं बोलणं येतं. पाखरं येत नाहीत."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर मागे चालू दिलं असतंस?"

नसतं दिलं. माझा राग गेला नव्हता, तरी फार वाईट वाटलं. नऊ वर्षं ह्या माणसाच्या भरवशावर मी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

सकाळी काकांनीच विषय काढला. "मी आज दगडूच्या मागे चालतो. शेवटी कान शाबूत असलेलं माणूस ठेव." नको म्हणावंसं वाटलं, पण म्हणाले नाही. काकांनी टोपी काढून श्रियापुढे धरली. "मागे राहिल्यावर काय होतं, ते तुला कळलंय. कोणी आडोशाला गेलं की सॅक वाटेवर ठेवायला सांग. सॅक आहे तोवर माणूस मागे आहे, असं समजायचं. हे मला आधी सुचायला हवं होतं." श्रियाने टोपी घातली. तिला ती कानांपर्यंत येत होती.

त्या संध्याकाळी काका मुक्कामावर दुसरे पोचले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. पण बसले नाहीत. सॅक पाठीवर तशीच, तोंड वाटेकडे.

"काका, टेका जरा," मी म्हटलं.

"येऊ देत सगळे."

एकेक करत सगळे आले. शेवटी श्रिया आली, धापा टाकत. "गेट बंद!" ती म्हणाली, पण दमलेल्या पोरीचा बारीक आवाज तो केवढा. सगळ्यांनी सॅका टाकल्या. काका मात्र तिच्या मागच्या रिकाम्या वाटेकडे बघत उभेच. मी काडेपेटी हातात धरून थांबले.

श्रियाच्या लक्षात आलं. ती परत फिरली, काकांच्या समोर उभी राहिली, उजवा हात वर धरला आणि सावकाश खाली आणला.

तो हात पूर्ण खाली येईपर्यंत काका बघत होते. मग त्यांनी सॅक उतरवली आणि खाली बसले.

"ठेव गं आधण," ते मला म्हणाले.