रोल नसलेला कॅमेरा

संपादक महाशय, फोटोत भूत आलं म्हणून लोक माझ्याकडे धावत यायचे, तेव्हा मी हसायचो. "अहो, रोल पुढे सरकवायला विसरलात, एकावर एक दोन फोटो आले!" एवढं सांगून वाटेला लावायचो. देऊळगाव राजात पंचवीस वर्षं फोटोग्राफी केली... असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आता हसवत नाही.

जर्मनीच्या लढाईचे दिवस. रोल मिळता मिळत नव्हते. माझी बायको, गंगू, कधीमधी म्हणायची, "माहाबी एक काढा नं!" मी म्हणायचो, "घरच्या माणसाचा कधीबी काढता येते. रोल काऊन वाया घालू?" तापानं चार दिवसांत गेली. गावभर मी काढलेले फोटो टांगलेले, आणि घरात तिचा एकही नाही. दिव्याखाली अंधार! पोर तेव्हा दोन वर्षांची. सहाची झाली तशी रोज विचारी, "बाबा, माय कशी दिसे?" काय सांगणार, कपाळ!

त्यात माझा कॅमेरा मोडला. मेहकरला बशीरभाई हाच धंदा बंद करत होते. भर दुपारी त्यांनी दोन जुने कॅमेरे पुढे ठेवले — एकाचा भाता, म्हणजे भिंगामागची घड्यांची कातडी पिशवी, गळका; दुसरा ठणठणीत. "दुसराच घ्या भाऊ, पहिल्यात उजेड शिरते," ते स्वतःच म्हणाले. तरी तपासावा म्हणून पहिला छातीशी धरला आणि वरच्या काचेत वाकून पाहिलं.

समोरच्या रिकाम्या खुर्चीवर गंगू बसली होती. डोक्यावरचा पदर नीट ओढून, ताठ... फोटोसाठी बसतात तशी.

सवयीनं बोट दाबलं गेलं. खट्ट! मग आठवलं, आत रोलच नाही. मान वर केली तर खुर्ची रिकामी. पिशवीतला रोल भरला, पुन्हा पाहिलं... नुसती खुर्ची.

"काय झालं भाऊ?"

"मले हाच द्या."

"अहो, हा गळते!"

"गळू द्या."

भात्याला ठिगळं लावून त्यावरच धंदा ओढतोय. गिऱ्हाईकं कुरकुरतात. ऊन लागलं असेल, पोटात अन्न नव्हतं... काहीही म्हणा, मला स्वतःला अजून उलगडलेलं नाही. पण तेव्हापासून कॅमेरा एक दिवस रोलशिवाय ठेवला नाही. पोरीलाही सगळं सांगितलं; रोज सकाळी ती खुर्ची मांडते आणि मी काचेत पाहतो.

आज सकाळी पोरीनं नेहमीसारखी खुर्ची पुसून अंगणात ठेवली. "बाबा, आली का माय?"

मी काचेत पाहिलं. "नाही आली. तू बस. आज तुहा काढतो."

"रोल वाया जाईन नं?"

"जाऊ दे," म्हटलं.