भिंग्याने अँप निवडला त्याची गोष्ट

आमच्या बँडचा गिटारवाला दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो, म्हणून आम्ही सगळे त्याला भिंग्या म्हणतो. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर ती जड फ्रेम चढवायची, एकेक काच बदलायची आणि विचारायचं, "हे स्पष्ट दिसतं, की आधीचं?" लोक गोंधळतात, परत दाखवा म्हणतात, आणि हा न कंटाळता परत दाखवतो. एवढा धीर माझ्याकडे असता तर मी साउंडवाला झालो नसतो. हॉलच्या अगदी मागे मिक्सर घेऊन बसणारा माणूस मी. स्पीकरमधून कर्कश शिट्टी निघाली की सगळा हॉल मान वळवून ज्याच्याकडे बघतो, तो.

भिंग्या आमच्याकडे बावीस वर्षं वाजवतोय, पण लोक टाळ्या देतात तो तुकडा त्याच्या वाट्याला कधी आला नाही. ती हौस कीबोर्डवर भागते. भिंग्या मागे वाजवतो. गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत त्याचं आपलं चाक-चाक, चाक-चाक चालू. "ते काढलं ना, तर गाणं बसेल रे खाली," असं तो मला नेहमी सांगायचा आणि मीही मान डोलवायचो. दुकानाच्या दुसऱ्या शाखेत मॅनेजर म्हणून जायची संधी त्याने एकदा सोडली, कारण शाखा दुसऱ्या गावात होती आणि बँड इथे. तेव्हा वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, चार दिवस अबोला धरला होता. पाचव्या दिवशी त्याच्या गिटारच्या तुटलेल्या तारेच्या जागी नवी तार त्यांनीच दुकानातून आणून दिली.

त्याचा जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा डबा, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा होता. सव्वीस किलोंचं धूड, उचलताना दोघांच्या कमरेचे काटे ढिले व्हायचे. चालू केला की आधी पाच मिनिटं तापायचा आणि मग जुन्या फ्रिजसारखा घूं करत राहायचा. भिंग्याला ती घूंसुद्धा आवडायची. मालकाला आवडत नव्हती.

मालक म्हणजे आमचा कीबोर्डवाला. कीबोर्ड त्याचे, स्पीकर त्याचे, गाडी त्याची, म्हणून मालक. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या वर्षभरात दोन ठिकाणी लोकांनी आवाज घाण येतो म्हणून तक्रार केली आणि त्याने तालमीला सरळ विषय काढला.

"भिंग्या, तुझा तो डबा सगळ्यात चिखल करतोय. पुढच्या महिन्यात कंपनीचा कार्यक्रम आहे. त्यांना आवडलं तर वर्षभर बोलावतील. तोपर्यंत काहीतरी नवीन घे. नाहीतर गिटारचा आवाज मी कीबोर्डवर काढतो, त्यात काय."

त्यात काय, हे तो सहज म्हणाला. भिंग्या हसला. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि त्याचा चेहरा कसा उतरला ते मला दिसलं. परत जाताना त्याने एवढंच विचारलं, "रविवारी मोकळा आहेस का? अँप बघायला येशील?"

वाद्यांच्या दुकानात काचेची एक खोली होती. दार लावलं की बाहेरचा आवाज बंद. विक्रेता उत्साही होता, बोटांत तीन अंगठ्या. त्याने विचारलं, "सर, तुम्ही काय वाजवता?"

"मी मागे वाजवतो," भिंग्या म्हणाला.

विक्रेत्याला ते काही समजलं नसावं. त्याने स्वतःच गिटार गळ्यात घालून भूकंप झाल्यासारखं काहीतरी वाजवून दाखवलं. मग सांगायला लागला. हा पूर्ण डिजिटल, वजनाला हलका, आत दोनशे आवाज. हा दुसरा हायब्रिड, म्हणजे पुढच्या टप्प्यात एक खरा व्हॉल्व्ह आणि बाकी सगळं डिजिटल. याच्यात तुमचे आवाज मेमरीत साठवा, गाणं आलं की पायाने बटण दाबा. माइक लावायची भानगड नाही, मागून वायर काढायची आणि सरळ मिक्सरमध्ये. तिसराही हायब्रिडच, फक्त आकाराने लहान, गाडीत कुठेही बसेल.

भिंग्याने पहिल्यावर चाक-चाक केलं. मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. डोळे मिटून स्वतःशीच पुटपुटला, "हे, की आधीचं?" मला हसू आलं. त्याला आपण काय बोललो ते कळलंही नाही.

असे तीन रविवार गेले. तिन्ही अँपवर तेच गाणं, त्याच चार सुरावटी. विक्रेत्याने दुसऱ्या रविवारीच हात टेकले होते आणि आम्हाला खोलीत कोंडून तो बाहेर चहा प्यायला जायचा. भिंग्या जितकं ऐकायचा तितका जास्त गोंधळायचा. सकाळी हलका बरा वाटायचा, दुपारी तोच पत्र्यासारखा लागायचा. आयुष्यभर लोकांना निवड करायला लावणारा माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा पार गांगरून गेला. शेवटी तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला नाही रे कळत. बावीस वर्षं वाजवतोय आणि मला माझाच आवाज कुठला ते कळत नाही. तू सांग. तुझे कान चांगले आहेत."

मला भूक लागली होती. हे सांगायची लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी मधल्याकडे बोट दाखवलं, म्हटलं, "हा घे. याच्यात जुन्याचा गोडवा आहे." उंटावरचा शहाणा मी. भिंग्याचा जीव भांड्यात पडला. त्याने त्या अँपवरून दोनदा हात फिरवला आणि विक्रेत्याला हाक मारली.

घरी, माझ्यादेखतच, त्याने अँप सोफा आणि कपाटाच्या मधल्या जागेत ठेवला आणि वहिनींना समोर बसवून आधी जुन्यावर, मग नव्यावर वाजवून दाखवलं.

"कुठला बरा?"

"मला दोन्ही सारखेच वाटतात," वहिनी म्हणाल्या.

"नीट ऐक ना."

"ऐकलं की. तुम्हीच वाजवताय, तर वेगळं काय वाटणार?"

भिंग्या माझ्याकडे बघून मान हलवत राहिला, की बघ, घरात ही कदर. मग महिनाभर दुकानातून आल्यावर तो त्या अँपला चिकटलेला. छत्तीस गाणी, छत्तीस आवाज, प्रत्येकाचा आकडा वहीत लिहिलेला. दोन आवाजांमधला फरक मलाही ऐकू येत नव्हता, पण तो म्हणायचा, "अकरावा जरा ओला आहे, बारावा कोरडा." मी हो म्हणायचो.

कंपनीचा कार्यक्रम शनिवारी दुपारी चारला, त्यांच्याच सभागृहात होता. चारशे खुर्च्या, गालिचा, नवे कोरे पडदे. वहिनीही आल्या होत्या. बऱ्याच वर्षांनी त्या कार्यक्रमाला आल्या, नवीन साडी नेसून, सहाव्या रांगेत. भिंग्याच्या कपाळावर घाम होता. मी जोडणी केली. त्याच्या जुन्या अँपचा माइक बावीस वर्षं माझ्या मिक्सरच्या पाच नंबरला लागायचा. नव्याची सरळ वायर होती, ती बारा नंबरला लावली. तालमीपुरतं वाजवून बघितलं. आवाज छान आला. मालकाने लांबूनच मान हलवली.

मग कंपनीचे साहेब भाषणाला उभे राहिले. अशा वेळी मी सगळी बटणं बंद करतो, नाहीतर भाषणात कोणाच्या तरी तारेला धक्का लागतो आणि माझा उद्धार होतो. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, मी एकेक बटण उघडलं. ड्रम, बेस, कीबोर्ड, गायिका, गिटार. कार्यक्रम सुरू झाला.

असा कार्यक्रम आमचा कित्येक वर्षांत झाला नव्हता. लोक दुसऱ्याच गाण्याला उठून नाचायला लागले. आवाज स्वच्छ, गायिकेचा शब्द न् शब्द कळत होता. मी खुर्चीत मागे रेलून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो, की बघा, अँप आपण निवडला. भिंग्या मंचावर डावीकडे उभा राहून वाजवत होता. त्याच्या पायाशी अँप बारीक आवाजात चालू होता, तो फक्त त्याला ऐकू येत होता. प्रत्येक गाण्याआधी पायाने बटण दाबून तो आवाज बदलत होता. मान हलत होती. एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

शेवटी साहेबांनी मालकाचा हात धरून सांगितलं की वर्षभराचं नक्की समजा. मालकाने सगळ्यांसमोर भिंग्याला मिठी मारली. "हेच म्हणत होतो मी. आज कसा आवाज मोकळा झाला बघ. नवीन अँपची कमाल." भिंग्या धावत माझ्याकडे आला. "कसा वाजला? खरं सांग."

"एक नंबर," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

तो गेला आणि मी वायरी काढायला लागलो. पाच नंबरला हात घातला तर तिथे वायरच नाही. मग बारा नंबरकडे बघितलं. तिथे लाल दिवा जळत होता, म्हणजे आवाज बंद. भाषणाच्या वेळी बंद केलेला बारा नंबर मी परत उघडलाच नव्हता. बावीस वर्षांच्या सवयीने माझ्या हाताने पाच नंबर उघडला होता, ज्याला काहीच जोडलेलं नव्हतं. सव्वादोन तास भिंग्या वाजवत होता आणि हॉलमध्ये त्याचा एक सूरही पोहोचला नव्हता. चारशे लोकांपैकी कोणाला कळलं नाही. मालकाला कळलं नाही. आवाजाच्या जोरावर पोट भरणाऱ्या मलाही कळलं नाही. तोंडात मारल्यासारखा मी तिथेच खाली बसलो.

मान वर केली तर वहिनी समोर उभ्या.

"भावजी, एक विचारू? आज यांचं वाजवणं बारीक ठेवलं होतं का?"

"का हो?"

"नाही, मला त्यातलं काही कळत नाही. चांगलं वाजलं की वाईट, ते तुम्ही बघा. पण घरात रोज ऐकते ना. ते आहे की नाही, तेवढं कळतं."

खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण जमलं नाही. मी लाल दिवा दाखवला, सगळं सांगितलं. पाय धरायचेच बाकी ठेवले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मंचाकडे बघितलं. तिथे मालकाचा हात भिंग्याच्या खांद्यावर होता आणि भिंग्या नव्या अँपवर कापडी खोळ चढवत होता.

"यांना सांगणार आहात?"

"सांगायलाच पाहिजे, वहिनी. माझी चूक आहे."

"काय सांगाल?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की चूक फक्त माझी असती तर सांगणं सोपं होतं. बटण बंद राहिलं, एवढ्यावर तो हसला असता, मला चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण त्या बंद बटणामुळेच आजची मिठी मिळाली होती, ते कसं सांगायचं? त्याच्या चाक-चाकशिवाय गाणं खाली बसलं नव्हतं. उलट उठून उभं राहिलं होतं.

"नका सांगू," वहिनी म्हणाल्या. पदराने चेहरा पुसून त्या मंचाकडे गेल्या. भिंग्याने त्यांना काहीतरी विचारलं असावं, कारण त्या हसून मान हलवताना दिसल्या.

पुढचे पंधरा दिवस मला धड झोप नव्हती. मी स्वतःशी ठरवलं होतं की पुढच्या कार्यक्रमाला बारा नंबर पहिल्यापासून उघडा ठेवायचा. अगदी थोडा, मग हळूहळू वर. मालकाच्या कानाला सवय होईल, बाकीचे काय, त्यांना काहीच कळत नाही.

कार्यक्रम त्याच कंपनीच्या दुसऱ्या इमारतीत होता. पहिल्या गाण्याला मी बारा नंबर उघडला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा भिंग्याकडे नीट कान देऊन ऐकलं. चांगलं वाजवत होता हो तो. कुठे पुढे येत नव्हता, कुठे मागे पडत नव्हता. गाणं त्याच्या खांद्यावर हात टाकून चालल्यासारखं वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या ओळीला मालकाने मान वळवली. कपाळाला आठ्या. स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कीबोर्डवरचा एक हात काढून तळवा खाली दाबला. गिटार कमी कर. मी थोडी कमी केली. त्याने पुन्हा तळवा दाबला. मी आणखी कमी केली. तो वाजवता वाजवता ओठांनी बोलला, "मागच्या वेळेसारखं." मी बारा नंबर पार खाली नेला. मालकाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

भिंग्याला यातलं काहीच कळलं नाही, त्याचा अँप त्याच्या पायाशी वाजतच होता. गाणं संपल्यावर त्याने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, आवाज बरोबर येतोय ना, असं विचारत. मी अंगठा वर केला. त्याने वहीचं पान उलटलं, पायाने पुढच्या गाण्याचं बटण दाबलं आणि वाजवायला लागला.